घागर तिसऱ्या नंबरावर होती

किल्लारीकडचा एक म्हातारा अपिलाच्या तारखेला जीप भरून माणसं घेऊन आला. कोर्टाच्या आवारात जीप थांबली, मागचा फाळका पडला आणि आतून माणसं उतरतच राहिली. धोतरं झटकली, फेटे नीट केले आणि सगळे माझ्यापुढे ओळीनं उभे राहिले.

"हे कोण?" मी विचारलं.

"साक्षीदार, वकीलसाहेब. खालच्या कोर्टानं ह्यांचं धड ऐकलं न्हाई. वरचं तरी ऐकंल."

"वरचं कोर्ट कोणाचं ऐकत नसतं, बाबा."

"मग काय करतंय?"

"वाचतं."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा जीपकडं. "आसं हाय व्हय," म्हणाला, "मग ह्यांना आता भजी तरी चारतो."

अपील म्हणजे काय, हे मी पुढं अनेकांना समजावलं, पण या म्हाताऱ्याइतक्या लवकर कोणाला समजलं नाही. लोकांना वाटतं अपील म्हणजे कुस्तीची दुसरी पकड. तसं नसतं. खालच्या कोर्टात साक्षीदार येतो, घाम पुसतो, चाचरतो, खोटं बोलताना पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरतो. हे सगळं खालचा न्यायाधीश पाहतो. वरच्या कोर्टात यातलं काही जात नाही. तिथं जातात कागद. साक्षीदार काय बोलला ते कागदावर असतं. तो काय बोलला नाही, ते कुठंच नसतं.

हे मला पहिल्यांदा सांगितलं नांदेडच्या काझीसाहेबांनी. मी मुदखेडचा. वडील जंक्शनवर हमाल होते आणि मी शाळा सुटल्यावर गाड्यांच्या खिडक्यांपाशी पेरू विकत असे. भाव करायचं शिक्षण तिथं झालं. गाडी सुटायच्या बेतात असताना गिऱ्हाईक किती ताणतं आणि आपण किती ताणायचं, हे मला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडलं. कायद्याची परीक्षा पास झालो तेव्हा नांदेडात मला बसायला कोणी टेबल देईना. काझीसाहेबांनी दिलं. त्यांनी निजामाच्या अमदानीत उर्दूतून वकिली केलेली. त्या काळी फाईल हैदराबादला जायची आणि वकील मागोमाग रेल्वेनं जायचा. फाशी झाली असेल तर कागद थेट वर निजामसरकारांपर्यंत पोहोचायचे. काझीसाहेब पानाचा डबा उघडत म्हणायचे, "मियाँ, ऊपर का जज आदमी नै देखता, कागज देखता. जो कागज पे नै आया, समझो हुआच नै."

मला ते तेव्हा फार पटलं नव्हतं. पटलं ते लातूरला.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नांदेड सोडलं. त्याआधी लातूरकडच्या माणसाला मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली की अपिलासाठी उस्मानाबाद गाठावं लागे. आता सेशन्स कोर्ट दारात आलं. नवं कोर्ट म्हणजे नवी अपिलं, आणि जुने वकील जुन्या कामात अडकलेले, असा माझा हिशेब होता. तो बरोबर निघाला. लातूरच्या वकिलांनी मला पुढं कितीतरी वर्षं 'नांदेडवाला' म्हणून बाजूच्या बाकावर बसवलं, पण अपील म्हटलं की लोक त्याच बाकाकडं यायचे.

मी जिंकलेली अपिलं पुष्कळ आहेत. हरलेलीही आहेत, पण त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. माझा राग आहे तो एका जिंकलेल्या अपिलावर. तेवढंच इथं सांगतो.

नवा जिल्हा रांगायला लागला तोवर दुष्काळ आला. मुरुडच्या पुढं आडबाजूला एक गाव आहे, त्याचं नाव घेत नाही, कारण त्यातली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. त्या उन्हाळ्यात गावातला आड आटला आणि सरकारी टँकर सुरू झाला. टँकर यायचा, आडात पाणी सोडायचा आणि मग गाव त्या आडातून पाणी शेंदायचं. टँकरवर ड्रायव्हर होता मन्मथ. सगळे त्याला मन्मथअप्पा म्हणत. उदगीरकडचा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं कमी. नोकरी तात्पुरती होती, पण त्याच वर्षी कायमची ऑर्डर निघायची होती.

एके दिवशी टँकर आला, आडापाशी रेटारेटी झाली आणि गावचे किसनराव डोकं फुटून खाली पडले. किसनराव म्हणजे गावातलं वजनदार प्रस्थ. टँकर आधी माझ्या मळ्यात रिकामा कर, असं ते मन्मथला बरेच दिवस सांगत होते आणि मन्मथ ऐकत नव्हता. फटका मागून बसला, त्यामुळं मारणारा त्यांना दिसला नाही. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी नाव घेतलं मन्मथचं. टँकरचा व्हॉल्व्ह उघडायचा लोखंडी दांडा त्यानं डोक्यात घातला, अशी फिर्याद झाली.

मारताना पाहणारी साक्षीदार एकच, शेवंताबाई. तिनं मॅजिस्ट्रेटपुढं सांगितलं की माझा नंबर तिसरा होता, ड्रायव्हरच्या हातात दांडा होता, किसनराव खाली पडले होते, ड्रायव्हरनंच मारलं. मॅजिस्ट्रेट कोकणातले, तरुण, सरळ माणूस. त्यांनी निकालात लिहिलं की साक्षीदार रांगेत तिसरी, म्हणजे आडापासून चार-पाच हातांवर उभी होती. भर दिवसा इतक्या जवळून पाहणाऱ्या बाईवर अविश्वास ठेवायला कारण नाही. मन्मथला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

निकालाची नक्कल घेऊन मन्मथ माझ्याकडं आला. सोबत खालच्या कोर्टातले त्याचे वकील, स्वामी. मी निकाल वाचला आणि त्या चार-पाच हातांवर येऊन थांबलो. दुष्काळात वाढलेल्या माणसानं ते वाक्य वाचून थांबायलाच पाहिजे.

आमच्याकडं टँकरच्या रांगेत माणूस उभा राहत नाही. घागर उभी राहते. टँकर कधी येईल याचा भरवसा नसतो. उन्हात दिवसभर कोण उभं राहणार? म्हणून आदल्या दिवशीच घागर नेऊन रांगेत ठेवायची. कोणाच्या घागरीला तांबड्या रंगाचा ठिपका, कोणाच्या गळ्याला चिंधी. आपण घरी जायचं. भाकरी करायची, जनावरांचं पाहायचं, लेकरू निजवायचं. टँकरचा हॉर्न ऐकू आला की धावत सुटायचं आणि आपल्या घागरीपाशी जाऊन उभं राहायचं. घागर कोणी हलवत नाही. हलवली तर मारामारी.

मी स्वामींना विचारलं, "शेवंताबाई हॉर्नच्या वेळी कुठं होती, हे तुम्ही उलटतपासात विचारलं का?"

"न्हाई."

"का?"

"त्यात काय इचारायचं?" स्वामी खरोखरच बुचकळ्यात पडले. "घागरी नंबरात अन् बाया घरी, हे काय सांगायची गोष्ट हाय का? समद्यांनाच म्हाईत हाय."

"मॅजिस्ट्रेटला माहीत आहे का?"

मी फाईल आपटली. माझा आवाज मोठा आहे. बाहेर बसलेली पक्षकार मंडळी उठून दुसऱ्या वकिलाच्या टेबलापाशी गेली. पण खरं सांगायचं तर चूक एकट्या स्वामींची नव्हती. सरकारी वकील इकडचे, त्यांनी विचारलं नाही. फौजदार इकडचा, त्यानं लिहिलं नाही. शेवंताबाईनं सांगितलं नाही. कोर्टातला शिपाईसुद्धा घागर ठेवून कामावर आलेला असणार. त्या खोलीत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस एकच होता आणि निकाल त्याला द्यायचा होता.

मन्मथ एवढा वेळ दाराशी उभा होता. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब, मी व्हॉल्व्ह खोलत होतो. वळून बघतो तर किसनराव पडल्याले. कोनी मारलं मी पाह्यलं न्हाई."

"जेलची भीती वाटते का?"

"जेलचं न्हाई एवढं. ऑर्डर निघायचीय. मारकुट्या म्हणून नाव लागलं तर ऑर्डर गेली."

हा त्याचा खरा खटला होता. शिक्षेला स्थगिती आणि जामीन मी त्याच आठवड्यात मिळवला. नोकरी मात्र अपिलाच्या निकालावर टांगून राहिली.

इथं बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. आपल्याकडं पहिल्या अपिलात कोर्टाला पुरावा पुन्हा तोलायचा पूर्ण अधिकार असतो. साक्ष खरी की खोटी, ते नव्यानं ठरवता येतं. पण तोलायचे ते कागदच. इंग्लंडात मोठ्या खटल्यात ज्युरी दोषी म्हणते आणि कारण देत नाही. मग वरचं कोर्ट एवढंच पाहतं, की हा निकाल भरवशाचा आहे का आणि न्यायाधीशानं ज्युरीला काही चुकीचं सांगितलं का. अमेरिकेत वरची कोर्टं बहुतेक कायद्याच्या चुकाच पाहतात. पण त्याच इंग्लंडात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातून अपील झालं तर वर साक्षीदार पुन्हा उभे राहतात, खटला पहिल्यापासून. जर्मनीत तर मौज आहे. लहान गुन्ह्याच्या अपिलात सगळा खटला नव्यानं चालतो आणि खुनासारख्या मोठ्या गुन्ह्यात मात्र फक्त कायद्याची चूक पाहतात. हे मी पुढं कधीतरी वाचलं आणि पहिल्यांदा मन्मथ आठवला. इंग्लंड-जर्मनीपैकी कुठंही त्याचा टँकर असता, तर शेवंताबाई आपोआप पुन्हा कोर्टात आली असती आणि किल्लारीचा म्हातारासुद्धा माणसं घेऊन परत गेला नसता.

आपल्याकडं त्यासाठी एक बारीक दार आहे. गरज वाटली तर अपिलाचं कोर्ट जादा पुरावा घेऊ शकतं. तेव्हाच्या फौजदारी संहितेत ते तीनशे एक्याण्णव कलम होतं, आता आकडे बदललेत. पण खालच्या कोर्टात राहिलेली भोकं बुजवायला हे दार उघडत नाही, असं म्हणायची पद्धत आहे, आणि सरकारी वकील तेच म्हणणार हे मला ठाऊक होतं. दुसरी एक तरतूद अशी, की पुरावा नीट समजावा म्हणून न्यायाधीश स्वतः जागा पाहून येऊ शकतो. ती फारशी कोणी वापरत नसे.

सेशन्स जज नागपूरकडचे होते. शांत, चष्मा काढून ऐकणारे, कधी आवाज न चढवणारे. अशा माणसापुढं माझं नेहमी बिनसतं. म्हणून मी पेरूवाल्यासारखा उभा राहिलो. आधी मोठा भाव सांगितला.

"साहेब, खटला नव्यानं चालवायला परत पाठवा."

सरकारी वकील उसळले. "एका प्रश्नासाठी सगळा खटला? यांनी उलटतपास नीट घेतला नाही, ती जबाबदारी सरकारची का?"

"बरं, मग निदान शेवंताबाईला इथं बोलवा."

"हरकत आहे! ही भोकं बुजवणं आहे."

"बरं," मी म्हणालो आणि फाईल मिटली. "माझं काहीच देऊ नका. साहेबांनी फक्त एकदा ती जागा पाहून यावी. बोलायचं कोणी नाही. मीसुद्धा नाही."

जजसाहेब हसले. "तुम्ही बोलणार नाही, हे पाहायला तरी यावं लागेल."

मला पहिल्यापासून एवढंच हवं होतं.

त्या दिवशी कँटीनमध्ये सरकारी वकील माझ्याशेजारी येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "नांदेडवाले, कशाला उन्हात जीप पळवता? दोषी ठरवलंय तेवढं राहू द्या. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडा म्हणा, माझी हरकत नाही. पोरगं जेल बघणार नाही."

सौदा चांगला होता. अपिलात असा सौदा पुष्कळदा मीच मांडलेला आहे. मी बाहेर जाऊन लिंबाखाली बसलेल्या मन्मथला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग मी मारलं, आसं कागदावर ऱ्हातंय का?"

"राहतं."

"मग न्हाई, साहेब."

गावी गेलो ते पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी; टँकर अजून चालूच होता. जीपमध्ये जजसाहेब, त्यांचा कारकून, सरकारी वकील आणि मी. गावाला खबर नव्हती. आडापाशी उतरलो तर समोर घागरीच घागरी. तांब्याच्या, पितळी, पत्र्याच्या, चेपलेल्या, वाकड्या बुडाखाली दगड दिलेल्या. आडाच्या काठापासून ओळ निघाली होती, देवळाला वळसा घालून पार शाळेच्या भिंतीपर्यंत गेली होती. माणूस एक नाही. एक बोकड तेवढा घागरींच्या सावलीत डोकं घालून बसला होता.

जजसाहेब इकडंतिकडं बघून म्हणाले, "लोक कुठं आहेत?"

मी न बोलण्याचा शब्द दिला होता. आयुष्यात इतका जड शब्द मी दुसरा पाळलेला नाही. सरकारी वकीलही आभाळाकडं पाहत होते.

साहेब ओळीच्या तोंडापाशी गेले. वाकले, एक घागर उचलली आणि तिच्या गळ्याची चिंधी न्याहाळू लागले. तेवढ्यात तो बोकड उठून जीपच्या चाकापाशी आला आणि ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. मी दाबायला लावला, असं वकिलांच्या बाररूममध्ये अजून म्हणतात. म्हणोत.

गल्ल्यांतून बाया आल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाचं लेकरू कडेवर लोंबतंय, कोणाचा पदर दाताखाली. जवळच्या आधी पोहोचल्या, लांबच्या धापा टाकत मागून. टँकर दिसेना, जीप दिसली. पुढची म्हातारी ड्रायव्हरवर कडाडली, "आरं मुडद्या, पानी न्हाई तर हॉर्न कशाला बडवतोस?" आणि तिची नजर साहेबांवर गेली. "अन् ह्यो बाबा कोन? ठेव! ठेव ती घागर! नंबर मोडतोस का?"

"आजी, मी फक्त बघत होतो," जिल्ह्याचे सेशन्स जज म्हणाले.

"समदे बघतच आस्त्यात! तलाठी बी बघून गेला. हितं नव्हती ती, म्होरं व्हती!"

"न्हाई, मागं व्हती!" दुसरी ओरडली. घागर एक वीत पुढं की मागं, यावरून दोघी-तिघी एकमेकींच्या अंगावर गेल्या. चौथीनं कोणाला तरी ढकललं. कारकुनाच्या हातातली कागदं खाली पडली. साहेब दोन पावलं मागं सरले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. किसनरावांचं डोकं कसं फुटलं असेल याचं आणखी वर्णन मला कधी करावं लागलं नाही.

परतीच्या वाटेवर मुरुडला चहाला थांबलो तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "त्या बाईला बोलवा."

शेवंताबाई आली ती इस्त्री केलेलं लुगडं नेसून. किसनराव मागच्या बाकावर येऊन बसले होते आणि ती सारखी तिकडं बघत होती. मी तिच्यावर ओरडणार, असं तिला कोणीतरी सांगून ठेवलं असावं. मी आवाज खाली ठेवला.

"मावशी, त्या दिवशी तुमचा नंबर कितवा?"

"तिसरा."

"तिसऱ्या नंबरावर काय होतं?"

"काय म्हंजे? घागर."

"आणि तुम्ही?"

"घरी. भाकरी करीत व्हते."

"घर कुठं?"

"देवळाच्या मागं."

"तिथून आड दिसतो?"

"देऊळ मधी हाय की. कसा दिसंल?"

"हॉर्न वाजल्यावर?"

"तवा टाकला. तवा म्हंजे चुलीवरला. खाली ठिवला अन् पळाले. येऊन बघते तर किसनराव पडल्याले अन् ड्रायवरच्या हातात दांडा."

"दांडा त्याच्या हातात रोज असतो का?"

"त्याबिगर पानी कसं सोडंल?"

"मारताना पाहिलं?"

तिनं मागं पाहिलं. किसनराव मिशीवरून हात फिरवत होते. मग तिनं जजसाहेबांकडं पाहिलं. तिला तो घागर उचललेला माणूस ओळखू आला असावा, कारण ती एकदम तोंडावर पदर धरून म्हणाली, "न्हाई, साहेब. पडल्यावर पाह्यलं. समदे म्हनाले ड्रायवरनं मारलं, मी बी म्हनले."

साहेबांनी विचारलं, "हे मागच्या कोर्टात का सांगितलं नाही?"

"कोनी इचारलं?"

सरकारी वकिलांनी उलटतपास घेतला नाही. स्वामी वकील माझ्यामागं बसले होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं.

निकालाच्या दिवशी मन्मथ नवा सदरा घालून आला होता. साहेबांनी शेवटचा भाग वाचला. अपील मंजूर. शिक्षा रद्द. आरोपीला संशयाचा फायदा देऊन त्याची निर्दोष मुक्तता.

मन्मथनं हात जोडले. मी उभा राहिलो.

"साहेब, संशय कसला?"

"म्हणजे?"

"पुरावा थोडा आहे, थोडा कमी पडतो, तिथं संशय. इथं मारताना पाहणारं कोणी उरलंच नाही. पुरावाच नाही तर संशय कोणावर? तेवढे दोन शब्द काढा. साधं 'निर्दोष' लिहा."

"वकीलसाहेब, मी त्याला सोडलं. आणखी काय पाहिजे?"

"त्याची नोकरी आहे, साहेब. हे दोन शब्द वाचून ऑफिसवाले म्हणतील, कोर्टालाच खात्री नाही."

"मी तिथं घागरी पाहिल्या," ते शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी कोणी मारलं, ते पाहिलं नाही. तुमच्या अशिलानं मारलं नाही, हे काही सिद्ध झालेलं नाही."

"मारलं नाही हे सिद्ध करायचं त्याच्या डोक्यावर कधी होतं?" माझा आवाज चढला होता. "ज्या माणसानं स्वतः घागर उचलून बघितली त्याला..."

"खाली बसा."

"साहेब, तुम्ही..."

"खाली बसा, नाहीतर वेगळी नोटीस काढावी लागेल."

स्वामींनी मागून माझा कोट ओढला. मी बसलो. समोर टेबलावर माझाच हात आपटला होता आणि शाईची दौत सांडली होती. आजवर मी प्रत्येक सौद्यात तीन मागून एक घेतलं. त्या दिवशी फक्त दोन गोष्टी मागितल्या, सुटका आणि साधं 'निर्दोष', कारण दोन्ही लागणार होत्या. त्यांनी एक दिली आणि मी जिंकलो असं सगळे म्हणाले.

मी पुढं जायचं ठरवलं. तेव्हाच्या औरंगाबादला खंडपीठापुढं काम करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडं गेलो. त्यांनी निकाल वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा माणूस सुटलाय. सुटलेल्या माणसाला अपील नसतं." कायद्यानं ते बरोबर होतं. शिक्षा झालेल्याला वर जाता येतं. सुटलेल्याला, तू कसा सुटलास, याबद्दल भांडता येत नाही.

ऑफिसमध्ये मीच गेलो मन्मथला घेऊन. तिथल्या अधिकाऱ्यानं निकालाची प्रत उघडली, थेट शेवटच्या पानावर गेला आणि बोट ठेवलं. "संशयाचा फायदा, म्हणतायत. तात्पुरता माणूस आहे. आम्हाला असा माणूस कायम करता येत नाही."

"पूर्ण निकाल वाचा."

"वाचला की."

मी तिथं जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शिपायानं मला बाहेर नेलं. मन्मथ खुर्चीवर बसून राहिला होता, त्याला वाटलं मी परत आत येईन. अर्ज, विनंत्या, वरच्या साहेबांच्या भेटी, हे सगळं पुढं दोन-अडीच वर्षं चाललं. ऑर्डर निघाली नाही. तोवर पाऊस झाला होता, टँकर बंद झाले होते आणि खात्याला ड्रायव्हरच नको होते.

ते जजसाहेब बदलून गेले, पुढं वरच्या कोर्टातही गेले. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेलो नाही. लातूरच्या वकिलांत ती गोष्ट 'घागरीवालं अपील' म्हणून चवीनं सांगतात. नव्या वकिलांना सांगतात की पाहा, नांदेडवाल्यानं जजला गावात नेऊन दाखवलं. मीही ऐकून घेतो. खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं. पण शेवटी कोणीतरी 'आणि सुटला' म्हणतं, तेव्हा मी उठून जातो.

साहेब चुकले होते का? वय झाल्यावर मी त्यावर पुन्हा पुन्हा विचार केला. मारलं कोणी, ते मलाही आजतागायत माहीत नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्यांनी शब्द दिला नाही, एवढंच. पण मला वाटतं, डोळ्यांनी ओळ पाहून आलेला माणूससुद्धा खुर्चीवर परत बसला की त्याच्यापुढं पुन्हा कागदच असतो. काझीसाहेब असते तर पानाचा डबा मिटत एवढंच म्हणाले असते, "मैं बोला था, मियाँ."

मन्मथनं मग दुसऱ्यांच्या ट्रकवर खेपा केल्या. उदगीर, देगलूर, निजामाबाद. बऱ्याच वर्षांनी स्वतःचा जुना टँकर घेतला.

मी वकिली थांबवली त्यानंतरच्या एका दुष्काळात लातुरात आमच्या गल्लीला नळच येईनात. लोकांनी वर्गणी काढून खासगी टँकर ठरवला. मीही आदल्या दिवशी घागर नेऊन ओळीत ठेवली आणि वर गॅलरीत पेपर वाचत बसलो. हॉर्न वाजला. जिने उतरायला आता मला वेळ लागतो. खाली पोहोचलो तेव्हा पाणी सुरू झालं होतं आणि व्हॉल्व्हचा दांडा हातात घेऊन मन्मथ टँकरपाशी उभा होता. केस पांढरे, कपाळाला भस्म तसंच. माझा नंबर येऊन गेला होता आणि मागचे लोक घागर बाजूला सारा म्हणून ओरडत होते.

"ही कोनाची?" त्यानं विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "मी नंबरातच होतो."

मन्मथनं मला ओळखलं. वर माझ्या गॅलरीकडं पाहिलं, मग घागरीकडं. हसला नाही.

"घागर व्हती, वकीलसाहेब. तुमी दिसला न्हाईत," तो म्हणाला. "काय करू? संशयाचा फायदा देऊ?"

मागची माणसं खळखळून हसली. त्यांना काय कळलं कोणास ठाऊक. मन्मथनं घागर उचलून पाण्याखाली धरली, काठोकाठ भरली आणि वर माझ्या दारापर्यंत स्वतः पोहोचवली.